हाड जुळले, माणूस उभा राहिला का?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा बहुधा वसतिगृहातील आठवणींची असावी. आठवण सांगतोच; परंतु ती गोड नाही. आज तीस वर्षांनंतर ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण तिच्यातून निघणारा प्रश्न अजून आपल्या घराघरांत तसाच उभा आहे.

आम्ही पाचवीत होतो. वसतिगृहामागच्या जांभळाच्या झाडावरून आमचा एक वर्गमित्र पडला आणि त्याचा उजवा कोपर मोडला. तालुक्याच्या रुग्णालयात तीन आठवड्यांचे प्लास्टर झाले. प्लास्टर निघाले तेव्हा कोपर आखडलेला होता. साऱ्यांनाच काळजी वाटली. शेजारच्या गावातील मालीश करणारे एक गृहस्थ त्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. ते दर रविवारी येऊ लागले. कोमट तेल लावून ते कोपर रगडीत आणि मग सारा जोर लावून हात सरळ करू पाहत. मुलगा किंचाळे. त्याला धरून ठेवण्यासाठी चार धट्टीकट्टी मुले लागत. त्या चौघांत मी होतो. ‘रडू द्या, रडला तरच हात मोकळा होईल,’ असे आम्हांला सांगण्यात आले होते आणि आम्ही ते खरे मानले. पुढे पाण्याने भरलेली बादली हाताला लटकविण्याचा प्रयोगही झाला. दोन-तीन महिन्यांत तो कोपर कायमचा अडकला. त्यानंतर वंदनेला हात जोडताना त्याचे तळवे छातीशी येत नसत. पोटाच्या पुढे कुठेतरी एकमेकांना भेटत. तो डाव्या हाताने जेवू लागला. प्रजासत्ताक दिनी ध्वजाला सलामी देताना तो मागच्या रांगेत उभा राही. पोलीस भरतीचे त्याचे स्वप्न मैदानापर्यंतसुद्धा पोहोचले नाही.

मी फिजिओथेरपीच्या शिक्षणाकडे वळलो आणि एके दिवशी वर्गात शिकविण्यात आले की, कोपराच्या दुखापतीनंतर जोराने चोळल्यास आणि ओढल्यास स्नायूंत रक्तस्राव होतो आणि त्या स्नायूतच नवे हाड तयार होऊ शकते. लहान मुलाचा कोपर प्लास्टर निघाल्यावर आखडलेला असणे हे स्वाभाविक असते. त्याला वेळ दिला आणि त्याचा तो हात त्याला हळूहळू वापरू दिला, तर बहुतेक वेळा तो आपोआप मोकळा होतो. म्हणजे माझ्या मित्राला त्या वेळी फारसे काही करण्याची गरज नव्हती. त्याला आम्ही धरून ठेवायला नको होते, एवढेच.

त्या प्रसंगी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मालीश करणाऱ्या गृहस्थांनी पैसा घेतला नाही. वसतिगृहातील मावशींनी आपल्या पदरचे तेल दिले. करुणा ओसंडून वाहत होती. तिच्यासोबत प्रज्ञा नव्हती. आपल्या धम्मात या दोहोंची फारकत का मान्य केलेली नाही, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या अडकलेल्या कोपराने अधिक शिकविले आहे.

दुखापत संपते केव्हा?

आपल्या समाजात हाडाच्या उपचाराची कल्पना प्लास्टरपाशी किंवा शस्त्रक्रियेपाशी थांबते. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले की डॉक्टर ‘आता हरकत नाही’ म्हणतात आणि घरचे लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. परंतु हाड जुळणे ही उपचाराची अर्धी वाट आहे. उरलेल्या अर्ध्या वाटेवर सांधा वाकावा लागतो, सुकलेला स्नायू भरावा लागतो, तोल परत यावा लागतो आणि मनातील भीती जावी लागते. ही वाट चालविणारे शास्त्र म्हणजे फिजिओथेरपी अर्थात भौतिकोपचार. माझे ठाम मत असे की, जोवर माणसाला त्याचे काम, त्याचे बसणे-उठणे आणि त्याचा मान परत मिळत नाही, तोवर दुखापत बरी झाली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ज्या समाजाचे भांडवल पिढ्यानपिढ्या त्याचे शरीर हेच होते, त्याने तरी हा प्रश्न हलका मानू नये. नोकरदाराचे मनगट आखडले तर त्याची गैरसोय होते. घमेली वाहणाऱ्या माउलीचे मनगट आखडले तर तिची चूल विझते. खेळाडूचा गुडघा दुखावला की त्याच्यामागे तज्ज्ञांचा ताफा उभा राहतो आणि उसाच्या फडात घसरून पडलेल्या कामगाराला मात्र आपण ‘शेक दे, होईल बरे’ असे सांगतो. फिजिओथेरपी ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज म्हणूनच मला सर्वांत घातक वाटतो. तिची खरी गरज कष्टकऱ्यालाच आहे.

तपासणी म्हणजे काय?

बरेच जण फिजिओथेरपिस्टकडे येतात ते ‘करंट’ किंवा ‘शेक’ घ्यायला. आल्याआल्या यंत्राखाली झोपविले की त्यांना उपचार झाल्यासारखे वाटते. प्रश्न विचारत बसले तर वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. वस्तुस्थिती उलट आहे. दु:ख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्या निरोधाचा मार्ग आहे, हा क्रम आपण सर्व जण लहानपणापासून शिकलो आहोत. चांगली तपासणी याच क्रमाने चालते. कारण न शोधता मार्ग सांगणारा उपचारक शरीराशी जुगार खेळत असतो.

प्रथम विचारणे. पडलात कसे? हात कोणत्या स्थितीत टेकला? दुखणे सकाळी अधिक की कामानंतर? रात्री झोपमोड होते का? पोटापाण्याचे काम कोणते? त्यानंतर पाहणे: सूज, त्वचेचा रंग, दोन्ही बाजूंतील फरक, मांडीचा किंवा दंडाचा सुकलेला घेर. मग स्पर्श: ऊब, दुखरी जागा, स्नायूचा ताठरपणा. आणि शेवटी हालचाल.

हालचालीची परीक्षा सर्वांत बोलकी असते. रुग्णाला आधी स्वत:च्या बळाने हात वर करायला सांगतात. नंतर त्याने हात सैल सोडायचा आणि उपचारकाने तो हलक्याने उचलायचा. रुग्णाला हात उचलता येत नाही, पण उपचारकाच्या हाताने तो पूर्ण वर जातो, तर दोष बहुधा स्नायूत, कंडरेत किंवा मज्जातंतूत आहे. दोघांच्याही प्रयत्नाने हात एकाच जागी अडतो, तर सांधाच आखडला आहे. या एका साध्या फरकावर पुढच्या कित्येक महिन्यांच्या उपचाराची दिशा ठरते. अडण्याचा प्रकारही ध्यानात घ्यावा लागतो: शेवटी रबरासारखा ताण लागला तर आशा असते, दगडावर दगड आपटावा तसा अडथळा लागला तर ओढाताण तत्काळ थांबवावी लागते. माझ्या मित्राच्या कोपराला तसा अडथळा लागत होता. कोणी विचारलेच नाही.

वाकण्याचे माप कंपासपेटीतील कोनमापकासारख्या, पण दोन भुजा असलेल्या साधनाने अंशांत घेतात. स्नायूच्या बळाला शून्य ते पाच असे गुण देतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये मज्जातंतूंच्या जखमा तपासताना रूढ झाली. शून्य म्हणजे हालचालीचा मागमूस नाही. तीन म्हणजे हात किंवा पाय स्वत:चे वजन उचलू शकतो. पाच म्हणजे पूर्ण बळ. कापसाच्या बोळ्याने स्पर्शज्ञान तपासतात. हे सारे लिहून ठेवल्याखेरीज महिन्यानंतर सुधारणा झाली की नाही हे कळणार कसे?

येथे एक मुद्दा आवर्जून मांडावासा वाटतो. पायऱ्या चढायला गुडघा साधारणत: ९० अंश वाकला तरी भागते. खुर्चीवरच्या जीवनाला याहून थोडे अधिक पुरते. परंतु उकिडवे बसायला गुडघा १३० अंशांहून अधिक वाकावा लागतो. भातलावणी, खुरपणी, चुलीपुढचा स्वयंपाक, शौचालय आणि विहारातील मांडी घालून बसणे ही कामे खुर्चीच्या मापात बसत नाहीत. ‘११० अंश झाले, पुरे,’ असे सांगून ज्या बाईंना घरी पाठविण्यात येते, त्यांना हे माप कोणाच्या जीवनावर बेतले आहे हे विचारण्याचा हक्क आहे. प्रत्येक गुडघा तिथवर पोहोचेलच असे नाही. पण रुग्ण घरी जाऊन काय करणार हे विचारल्यावाचून केलेली तपासणी अपुरीच म्हटली पाहिजे.

हाड, सांधा आणि मज्जातंतू

हाडाचा उपचार प्लास्टर घातल्या दिवसापासूनच सुरू होतो. मनगट मोडले तर बोटे, कोपर आणि खांदा मोकळे असतात. ते पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. हात गळ्यात बांधून महिनाभर निश्चल ठेवणारी वृद्धा पुढे मनगटापेक्षा गोठलेल्या खांद्याने आणि न मिटणाऱ्या मुठीने अधिक त्रासते. खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना, शल्यचिकित्सकाची अनुमती असेल तर, दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करतात. त्यात निर्दयपणा नसतो. अंथरुणावर पडून राहण्याने फुप्फुसांत संसर्ग, रक्ताच्या गाठी आणि पाठीवर व्रण होतात. वृद्धांचा जीव पुष्कळदा मोडक्या हाडापेक्षा यांनीच जातो.

प्लास्टर किंवा हाडवैद्याची घट्ट पट्टी यासंबंधी प्रत्येक पालकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोडलेल्या हातातील वेदना प्रमाणाबाहेर वाढत असेल, बोटे हलक्याने सरळ करताच मूल विव्हळत असेल, बोटे पांढुरकी, थंड वा बधिर होत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. आत वाढलेल्या दाबाने रक्तपुरवठा तुटत असतो आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. रिचर्ड फोन फोल्कमन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ मध्ये ज्या हाताचे वर्णन केले, तो पंजासारखा आवळलेला हात आजही बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे पाहावा लागतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

सांध्याचे तंत्र संयमाचे आहे. व्यायामाने थोडे दुखणे चालते. ते थोड्या वेळात शमले पाहिजे. दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी अति झाले, असे समजावे. मुरगळलेला घोटा सूज उतरल्यावर ‘बरा’ झाला असे आपण मानतो आणि तो पुन:पुन्हा मुरगळतो, कारण सांध्याचे तोल सांभाळणारे भान परत आलेले नसते. एका पायावर उभे राहण्याचा साधा सराव ते परत आणतो. त्याला यंत्र लागत नाही; भिंत लागते आणि चिकाटी लागते.

मज्जातंतूची गोष्ट वेगळी. दंडाचे हाड मोडताना त्याला वळसा घालून जाणारा मज्जातंतू दुखावला की मनगट लटकते. घरात हाहाकार होतो, ‘हात गेला’ म्हणतात. अशा बंद दुखापतींतील बहुसंख्य मज्जातंतू काही महिन्यांत स्वत:हून सावरतात. तुटलेला तंतू पुन्हा वाढू लागला तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकतो. स्नायू दहा सेंटीमीटर दूर असेल तर शंभर दिवस झाले. या शंभर दिवसांत मनगटाला पट्टीचा आधार द्यायचा, सांधे रोज हलक्याने हलवून मोकळे ठेवायचे आणि बधिर त्वचेला चुलीपासून, गरम कपापासून जपायचे. तंतू परत येईल तेव्हा त्याच्यासाठी मऊ सांधा तयार असला पाहिजे; सांधा आखडलेला असेल तर त्याचे येणे व्यर्थ जाते. मात्र वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. तीन-चार महिन्यांत पुनरागमनाची कोणतीच खूण दिसली नाही तर शल्यचिकित्सकाकडे गेलेच पाहिजे. वर्ष-दीड वर्ष आज्ञेविना पडून राहिलेला स्नायू पुढे आज्ञा घेण्याची क्षमताच गमावतो.

आणि काही दुखणी अशी असतात की, त्यांना व्यायाम देण्याआधी थांबावे लागते. ताप, घटते वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे आधी पाहावे. पाठीच्या दुखण्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा दोन्ही पायांतील शक्ती कमी होत असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ज्याला ‘हे माझ्या कक्षेतले नाही’ असे म्हणता येते, तोच विश्वासार्ह उपचारक.

दोष केवळ अज्ञानाचा नाही

आपले लोक हाडवैद्याकडे का जातात, याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. तो जवळ असतो, उधारीवर भागवतो, नावाने हाक मारतो. रुग्णालयात मात्र रांग असते, घाई असते आणि अनेकदा तुटक बोलणे असते. शस्त्रक्रियेचा खर्च एखाद्या योजनेतून भागला, तरी त्यानंतरच्या महिन्यांतील एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची तजवीज कोणी करीत नाही. रोज येण्यास सांगणारा उपचारक अशा माणसाला परवडत नाही. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंनाही माझे सांगणे आहे: यंत्रांची रांग दाखवून तीस बैठकांचे पुडके विकण्यापेक्षा नीट तपासणी करा, घरी करण्याचे चार व्यायाम शिकवा, ते करून दाखवायला लावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. शेकाने आणि विद्युत्प्रवाहाने वेदना काही काळ हलकी होते, याचा उपयोग आहेच. परंतु स्नायू भरतो तो रुग्णाच्या स्वत:च्या श्रमाने. आपला दीप आपणच व्हावे, हा उपदेश येथे अक्षरश: लागू पडतो.

सोसण्याचे आपल्याकडे फार कौतुक आहे. बाबासाहेबांनी वेदना सोसून काम केले, असे दाखले दिले जातात. राज्यघटनेच्या निर्मितीच्या काळात त्यांना मधुमेह होता आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी ते हैराण होते, हे खरे. पण त्यांनी वेदनेचे उदात्तीकरण केले नाही. त्यांनी उपचार घेतले, आधुनिक वैद्यकाचे घेतले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्या जीवनात आलेल्या माईसाहेब स्वत: डॉक्टर होत्या. त्यांच्या नावाने दुखणे अंगावर काढणे हा त्यांच्या विचारांचा सन्मान नव्हे.

आपण काय करावे?

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वत: धुतले, उचलून मंचावर ठेवले आणि नंतर संघाला समज दिली की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. हा प्रसंग आपण नेहमी सांगतो. त्याच ठिकाणी पुढे शुश्रूषा करणारा कसा असावा आणि रुग्ण कसा असावा हेही सांगितले आहे. त्याचा उल्लेख क्वचित होतो. रुग्णाने आपले दुखणे वाढते आहे, कमी होते आहे की तसेच आहे, हे जसेच्या तसे सांगावे आणि सेवा करणाऱ्याला रुग्णाला काय मानवते, काय मानवत नाही, हे कळावे, अशी तेथे अपेक्षा आहे. तपासणीचे याहून नेमके सूत्र मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

त्या सूत्राला स्मरून आपल्या शाळेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली: वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या दुखापतीची नोंद वही असावी आणि दुखावलेला हात वा पाय दुसऱ्याच्या बरोबरीने वाकेपर्यंत, बळ धरेपर्यंत ती नोंद बंद करू नये. दुसरी: अधीक्षक, क्रीडाशिक्षक आणि मावशी यांना वर्षातून एकदा प्रथमोपचाराचे व धोक्याच्या खुणांचे प्रशिक्षण द्यावे, आणि दुखावलेल्या सांध्यावर कोणीही, कितीही प्रसिद्ध असो, मालीश करणार नाही असा नियम करावा. तिसरी माजी विद्यार्थ्यांसाठी: आपल्यातील जे वैद्यकीय क्षेत्रात आहेत त्यांनी महिन्यातील एक रविवार विहारात तपासणीसाठी द्यावा. मी माझा रविवार आजच लिहून देतो.

पालकांना आणखी एक विनंती. मुलगी विज्ञान शाखेत आहे, पण डॉक्टर होण्याइतके गुण मिळणार नाहीत म्हणून खचू नका. फिजिओथेरपी हे स्वतंत्र पदवीचे शास्त्र आहे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू झाले, १९५५ पासून हाजीअलीची पुनर्वसन संस्था कार्यरत आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला देशपातळीवर वैधानिक चौकट मिळाली आहे. आपल्या वस्तीची भाषा जाणणारी, उकिडवे बसण्याचे मोल समजणारी मुलगी या क्षेत्रात आली, तर ती कोणाही परक्यापेक्षा आपल्या माणसांना अधिक चांगले उभे करील.

माझा तो मित्र आज गावी किराणा दुकान चालवितो. मध्यंतरी त्याच्या नातवंडाच्या वयाच्या पुतण्याचा कोपर मोडला. प्लास्टर निघाल्या दिवशी त्याने मला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, “दादा, आता काय करायचं नाही, ते आधी सांग.” मी म्हणालो, “कोणाला हात लावू देऊ नकोस. त्याला चेंडू दे.” दोन महिन्यांनी त्याने मुलाचे छायाचित्र पाठविले. विहारात तो बसलेला होता, हात जोडून, आणि दोन्ही तळवे छातीशी मिळालेले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!